माप ज्याचं त्याच्या कानात

अप्पा, उद्या सकाळी मला विजयनगरच्या एका शाळेत नव्या शिक्षकांपुढे बोलायचं आहे. वर्ग कसा सांभाळावा आणि शिक्षकानं स्वतः कसं वाढत राहावं, असा विषय. तुम्ही असता तर विचारलं असतं, एवढ्या मोठ्या विषयाला कापड किती लागेल? मी दोन पानं खरडली, पण दर ओळीला तुम्ही मध्ये येताय. म्हणून तीच पानं उलटी करून आधी तुम्हाला लिहायला बसले आहे.

मेटगळ्ळीच्या शाळेतलं माझं पहिलं वर्ष. सातवीचा वर्ग म्हणजे नुसता बाजार. मी टेबलावर पट्टी आपटायची, ओरडायची आणि घसा बसवून घरी यायची. हेडमिस्ट्रेसनी स्वच्छ सांगितलं होतं, दसऱ्याच्या सुटीपर्यंत वर्ग ताब्यात आला नाही तर दुसरीकडे बघा. ही नोकरी गेली तर पुन्हा वर्गात उभं राहायची हिंमत होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि नेमकं त्याच दिवसांत शाळेच्या नव्या युनिफॉर्मचं काम तुम्हाला मिळालं.

तुम्ही वर्गाच्या दारात उभे आहात, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. "मिस, यारु इवरु?" हे कोण, म्हणून मुलं कानडीत विचारतात. आणि मी, तुमची लेक, सांगते, "टेलर." एवढंच. आधीच धाक नाही, त्यात टेलरची मुलगी म्हटल्यावर काय उरेल, असं वाटलं मला. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत आणि अगदी अदबीनं म्हणालात, "सुरू करू का, मिस?"

वर्गातली सगळ्यात द्वाड मुलगी तुम्ही बरोबर हेरलीत, तिच्या गळ्यात दुसरी टेप घातलीत आणि तिला रांगेची मुकादम केलंत. जी बाकावर पाच मिनिटं टिकत नव्हती, ती आता इतरांना दमात घेऊन सरळ उभं करत होती. तुम्ही कुणाचंच माप मोठ्यानं सांगितलं नाही. एकेकाला जवळ बोलवायचं, त्याचं माप त्याच्या कानात सांगायचं, आणि त्यानंच ते चिठ्ठीवर लिहून तुमच्या पिशवीत टाकायचं. मागच्या बाकावरची एक जाड मुलगी खेळाच्या तासालाही अंग चोरून बसायची. तीही आली, कानात आकडा ऐकला आणि हसत चिठ्ठी लिहायला गेली. कानात काय सांगतात ते ऐकू यावं म्हणून चाळीस पोरं चिडीचूप, आणि मी हातात पट्टी घेऊन उगाच उभी.

संध्याकाळी मी विचारलं, कसं जमलं हो तुम्हाला?

"नोड गे, बघ पोरी," तुम्ही म्हणालात, "चारचौघांत माप सांगितलं की लेकरू पोट आत ओढतंय. मग माप चुकतंय. अष्टे, एवढंच. आणि साकु, पुरे ते ओरडणं. तू थांबलीस तर त्यांना ऐकू येईल." मग ताट पुढे सरकवून म्हणालात, "मिस, ताक वाढा."

दुसऱ्या दिवसापासून मी मार्क वाचून दाखवणं बंद केलं. एकेकाला टेबलापाशी बोलवायचं, त्याची चूक त्यालाच हळू सांगायची. मुकादमबाईंकडे वह्या गोळा करायचं काम दिलं. पहिले काही दिवस फजितीच झाली. पण दसऱ्याआधी हेडमिस्ट्रेस वर्ग रिकामा आहे असं समजून आत डोकावल्या आणि बघतच राहिल्या. नोकरी टिकली. तुम्ही सगळ्या गल्लीत चिरोटे वाटलेत.

मुलांच्या कपड्याला तुम्ही आत तीन बोटं कापड दुमडून ठेवायचात, उंची वाढली की उसवून सोडायला. दर जूनला मला विचारायचात, "मिस, यंदा काय उसवलं?" म्हणजे नवं काय शिकलीस. साठी उलटल्यावर तुम्ही दुकानात नव्यानं आलेल्या मुलीकडून हल्लीचे ब्लाऊज कापायला शिकलात आणि चुकल्यावर तिची बोलणीही हसत खाल्लीत. ते बघून मी माझ्याच विद्यार्थ्यांकडून कॉम्प्युटर शिकले. पोरांनी मला बऱ्यापैकी छळलं, पण फार मजा आली अप्पा.

इतकी वर्षं कुणी विचारलं, हे कुठे शिकलात, की मी "अनुभवानं" म्हणून मोकळी व्हायची. उद्याच्या भाषणातही मी लिहिलं होतं, "एकदा माझ्या वर्गात एक टेलर आले होते." आत्ता पान उलटून ते खोडलं आणि लिहिलं, "माझे अप्पा टेलर होते." आता तेच पहिलं वाक्य.

हे पत्र कुठे पाठवणार? भाषणाच्या पाठीवरच आहे, उद्या माझ्याबरोबर येईल. फक्त एक कबूल करते. घरी तुम्ही मिस म्हणायचात आणि मी चिडायची, ते चिडणं खोटं होतं. शाळेत कुणालाही मी मिस वाटायच्या आधी तुम्ही मला तशी हाक मारलीत, आणि ती ऐकायला मी रोज मुद्दाम ताक वाढायला उशीर करायची.