वीतभर वायर

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉम्प्युटर बंद! कालपर्यंत ठणठणीत होता. आज कौशिकने सुट्टीचा मुहूर्त साधून त्यातली धूळ काढली. लग्नाला सहा वर्षं झाली, नवरोबांनी कधी पंखा पुसला नाही! दुपारी चालू केला तर पडद्यावर एकच ओळ: डिस्क सापडत नाही.

२४ तारखेला पुण्याच्या आर्किटेक्ट फर्मची नोकरीसाठीची ऑनलाइन परीक्षा. माझे सगळे आराखडे त्याच डिस्कवर, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअरही त्याच्यातच. मोबाइलवर काय घरं काढू?

९ नोव्हेंबर, रविवार

टॅक्सी करून मशीन इब्राच्या सूकपाशी, जुन्या बाजारापाशी, बाबामियाँकडे नेलं. रत्नागिरीकडचे, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान एवढंसं. उघडून बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “बाय, हितं डिस्कला करंट देणारी वायरच नाय. कोणी खोललेला?”

नवऱ्याने, पण फक्त धूळ काढायला, असं मी सांगितलं.

साधी वायर कुठेही मिळते म्हणे. पण या ब्रँडने आपला वेगळाच प्लग काढलाय, दुसऱ्या कुणाचा त्यात बसत नाही. त्यांनी वायरींचे दोन खोके माझ्यासमोर पालथे केले. एकही बसली नाही. शेवटी पावतीच्या पाठीवर चित्र काढून दिलं. वीतभर लांबी, एका टोकाला काळा चपटा प्लग, दुसऱ्या टोकाला चार पिनांचा पांढरा चौकोन.

चार पिनांसाठी माझं सगळं अडलंय! चीड येते नुसती.

१० नोव्हेंबर

मस्कतच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. नुसती वायर विकत नाहीत. पॉवर सप्लायसकट सगळा संच घ्या, अठ्ठावन्न रियाल, दुबईहून यायला तीन आठवडे. मशीनच सेकंडहँड सत्तरला घेतलं होतं!

कौशिक म्हणाला, जाऊ दे, पुढच्या वर्षी सावकाश नवीन घेऊ. सावकाश हा त्याचा लाडका शब्द. माझं ड्रायव्हिंग लायसन्सही सावकाशच चाललंय, तीन वर्षं. माझा पासपोर्ट तेवढा त्याने लगेच कुलपात टाकला. हरवला तर इथे आफत होते म्हणे.

११ नोव्हेंबर

बाबामियाँचा फोन. म्हणाले, डिस्क दुकानातल्या माझ्या मशीनला लावू, इथेच बसून परीक्षा दे, माझी बायको, तुझी खुदेजाचाची, असेल सोबतीला. मला तर नाचावंसं वाटलं.

कौशिकने क्षणात पाणी ओतलं. आपले फोटो आहेत त्यात, परक्याच्या हाती द्यायची नाही. वर म्हणाला, वायर त्या म्हाताऱ्यानेच काढून ठेवली असेल, हे लोक पार्ट विकतात.

मला पटलं. का पटलं कोण जाणे! फोन करून म्हाताऱ्याला नको नको ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “ये बाय, दुकान तपासून जा,” एवढंच म्हणाले. कौशिक जाऊन मशीन घरी घेऊन आला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज खूप रडले. कौशिकने आलं घालून चहा केला, पाठीवरून हात फिरवला. गेल्या वर्षी मी चार महिने पुण्याला होते, तेव्हा हा विकतच्या खुबूस रोट्या आणि ताकावर राहिला होता. किती वाळला होता! चहा गाळताना माझ्याकडे न बघता म्हणाला, “तू गेलीस की घर खायला उठतं गं मला.”

दया आली. आणि त्याच वेळी जीव गुदमरला. दोन्ही खरं.

१७ नोव्हेंबर

सात दिवस उरले. मशीनवर आता इस्त्रीचे कपडे ठेवते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी अकराला कौशिकचा फोन. पोलिसांनी गाडी थांबवलीय, मुल्किया, गाडीचं नोंदणी कार्ड, घरी राहिलंय, फोटो पाठव. घाबरला होता. “कपाटाच्या खालच्या खणात, किल्ली दाढीच्या डब्यात, लवकर!”

खण उघडला. कार्ड वरच होतं. फोटो पाठवला. ‘सोडलं, थँक्यू’ असा मेसेजही आला.

मग खणात नीट पाहिलं. आमचे दोन पासपोर्ट. त्यांच्याखाली टिश्यूपेपरची एक घडी. उघडली. वीतभर वायर. काळा चपटा प्लग, चार पिनांचा पांढरा चौकोन.

पिना वाकू नयेत म्हणून किती जपून गुंडाळली होती! त्या म्हाताऱ्याला मी चोर ठरवलं. आणि हा रोज विचारत होता, काही सोय झाली का गं?

त्याच दिवशी, चार वाजता

बाबामियाँची फोनवर माफी मागितली. परीक्षेसाठी सोमवारी दहाला दुकानात बोलावलंय. डिस्क काढून पर्समध्ये ठेवली.

वायर होती तशीच गुंडाळून खणात ठेवली, किल्ली दाढीच्या डब्यात. माझ्या पासपोर्टचं कव्हरही जागेवर आहे, आत बँकेचं जुनं पासबुक.

पासपोर्ट पर्समध्ये, डिस्कशेजारी.