डेस्मंडकाकांचे मंगळवार

१७ ऑक्टोबर, मंगळवार

माझी तक्रार झाली. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही सूपमुळे.

शेजारी केटरिंग आडनावाच्या बाई राहतात; शनिवारी त्यांना अँब्युलन्सने नेलं आणि संध्याकाळी परत आणून सोडलं. मी कोंबडीचं सूप केलं, पातेलं फडक्यात गुंडाळलं आणि मागच्या दाराने सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. आमच्या गावात आजाऱ्याच्या घरी पुढच्या दाराने जातो तो डॉक्टर, नाहीतर पोलीस. बाई नाइटगाऊनमध्ये चहा करत होत्या. दचकल्या, मग हसल्या. "अहो, किती छान! कशाला त्रास घेतलात?" मी खुर्ची ओढून अर्धा तास बसलो. त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "तुम्हाला उशीर तर होत नाही ना?" मला वाटलं, आजारपणातही बाईला माझी किती काळजी.

बाईंनी माझ्या इंग्रजीच्या कॉलेजला कळवलं. आज तिथल्या विद्यार्थ्यांची विचारपूस करणाऱ्या मुलीने बोलावलं. माझ्या मुलीएवढीच असेल. मान तिरपी करून म्हणाली, "सोतिर, पुढच्या वेळी कदाचित आधी विचारून पाहता येईल का?" मी म्हटलं, विचार करतो. घरी आल्यावर घरमालकीण पॉलीनने फोड करून सांगितलं, "अहो, विचार कसला करताय? ताकीद होती ती."

पातेलं दाराशी ठेवलेलं. धुऊन, पुसून. रिकामं. आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत—निदान एक सफरचंद तरी टाकतात.

एकोणपन्नास वर्षांचा माणूस मी. मॅसिडोनियातल्या देवळांत वेदीपुढे असतात ते कोरीव लाकडी पडदे घडवण्यात अर्धं आयुष्य गेलं. जूनच्या आत इंग्रजीची परीक्षा झाली, तर इथे इंग्लंडमध्ये कॅथीड्रलच्या कार्यशाळेत जुनं लाकूडकाम सांभाळायला शिकता येईल. लाकडाची भाषा येते. माणसांची येत नाही.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

कॉलेजने बोलण्याच्या सरावासाठी एक म्हातारा दिलाय. डेस्मंड हार्कर, अठ्ठ्याहत्तर, निवृत्त पोस्टमास्तर. दर मंगळवारी तीन वाजता, वाचनालयाच्या खिडकीजवळ. "मला डेस म्हण," म्हणाले. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक कशी मारायची? तोंडाने डेस्मंड म्हणतो. या वहीत डेस्मंडकाका.

सूपची गोष्ट सांगितली. इतके हसले की वाचनालयातल्या बाईने वळून पाहिलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "हे बघ गड्या, इथे दाराला भिंत समजायचं. आधी फोन करायचा. ते 'या' म्हणाले तरी लगेच जायचं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, तरी थांबायचं. दिवस आणि वेळ सांगितली, की मग जायचं. दहा मिनिटं उशिरा."

"आणि माणूस मरायला टेकला असेल तर?"

"तर जास्तच थांबायचं. आम्ही मरू, पण कुणाला त्रास देणार नाही."

मी वहीत उतरवून घेतलं.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

आजचे धडे. तब्येत विचारली की "वाईट नाही" म्हणायचं, पाय मोडला असला तरी. कुणी आपल्याला धक्का दिला, तर माफी आपण मागायची. पगार, वय, देव—तिन्ही विषय वर्ज्य. मग बोलायचं तरी काय? "हवा," काका म्हणाले. "हवेला कुणाचा राग येत नाही."

८ नोव्हेंबर

संत दिमित्रींचा दिवस. खोलीत मेणबत्ती लावली. धुराची घंटा वाजली. पॉलीन म्हणाली, "काही हरकत नाही." आता कळतं, हरकत होती.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

वर्गात परीक्षेचा सराव: आजारी मित्राला कार्ड लिहा. मी लिहिलं, उद्या येतो, लाकडं फोडून देतो, रात्रभर तुझ्या उशाशी बसतो. बाईंनी लाल पेनाने सगळं खोडलं आणि वर लिहिलं—"लवकर बरे व्हा. काही लागलं तर कळवा." एवढंच. दहापैकी तीन मिळाले.

आमच्याकडे आजाऱ्याच्या उशाशी बसणं ही प्रार्थनाच. बोलायचंही नसतं. नुसतं बसायचं, म्हणजे त्या माणसाला कळतं की आपण अजून मोजणीत आहोत.

काकांना कार्ड दाखवलं. बराच वेळ वाचत राहिले. "बाईंचं बरोबर आहे," म्हणाले. पण कागद घडी करून खिशात टाकला. परत मागायचं राहून गेलं.

१९ डिसेंबर, मंगळवार

संत निकोला—आमच्या घराण्याचा सण. या दिवशी दार उघडं, येईल तो पाहुणा. इथे दार उघडं ठेवलं तर पॉलीन हीटरकडे बघते. म्हणून काकांना रीतसर बोलावलं. तीनदा. दिवस आणि वेळ सांगून. बरोबर दहा मिनिटं उशिरा आले, हातात वाइनची बाटली. आज वाचनालय नाही, माझीच खोली.

मासा, बीन्स, भाकरी. काका दोनदा वाढून घेऊन जेवले. मग आपणहून बोलले. बायको मोइरा सहा वर्षांपूर्वी गेली. "दोन महिने कुणी घरी आलं नाही. त्यांना मध्ये पडायचं नव्हतं. फार समजूतदार लोक. मी आभारी होतो त्यांचा." बोलताना बशीकडे बघत होते.

मी माझ्या बायकोचं, रायनाचं सांगितलं. ती गेली तेव्हा चाळीस दिवस आमचं दार लागलं नाही. कुणी पीठ मळत होतं, कुणी माझ्या गाईचं दूध काढत होतं, एक म्हातारी तर भांडायला म्हणून आली आणि रडून गेली.

"दमवणारं असेल फार," काका म्हणाले.

"हो."

"कुणी बेलसुद्धा वाजवत नव्हतं?"

"बेलच नाही आमच्या दाराला."

त्यांनी मान हलवली आणि हवेबद्दल बोलू लागले.

१६ जानेवारी, मंगळवार

काका आले नाहीत. चार वाजेपर्यंत थांबलो. सराव चालवणाऱ्या ऑफिसची मेल—त्यांना थोडं बरं नाही.

१८ जानेवारी

काकांच्या घरी फोन केला. त्यांची मुलगी गिलियन बोलली. शहाणी, शांत बाई. "बाबांना आराम पडतोय. तुम्ही विचारलंत, फार बरं वाटलं. भेटण्यासारखं झालं की कळवू." मी विचारलं, आजार काय? "काळजी घेताहेत त्यांची," म्हणाली. म्हणजे वाईट आहे. एवढं इंग्रजी आता मला येतं.

२३ जानेवारी, मंगळवार

फोन नाही. तीन वाजता सवयीने वाचनालयात गेलो. खिडकीजवळ दुसरं कुणी बसलं होतं.

पॉलीनला विचारलं, जाऊ का? ती हादरली. "अहो नाही, कळवतील ना ते! कुटुंबाची वेळ असते ही."

गावात असतो तर आत्तापर्यंत त्यांच्या उशाशी बसून लाकूड तासत असतो.

३० जानेवारी, मंगळवार

राहवलं नाही. तीन वाजता त्यांच्या घरी गेलो. लाल विटांचं घर, छोटं फाटक, बाहेर गिलियनची गाडी. पिशवीत भाकरी होती. फाटकावर हात ठेवला. आणि केटरिंगबाई आठवल्या, ते हसू, ते पुसलेलं पातेलं. ही गिलियनही तशीच हसेल. आत खोलीत काकांची मान खाली जाईल—माझ्यामुळे. त्यांच्याकडूनच शिकून त्यांच्याच घरी रानटी ठरायचं? पंधरा मिनिटं उभा होतो. एक बाई कुत्रा घेऊन गेली, म्हणाली, "गारठा आहे, नाही?" मी म्हटलं, हो, पण वाईट नाही.

परत आलो. चौकातल्या टपालपेटीत कार्ड टाकलं. लवकर बरे व्हा, काही लागलं तर कळवा. भाकरी बदकांना घातली.

देवा, मी बरोबर वागलो. मग हे असं का वाटतंय?

८ फेब्रुवारी

काका गेले. मंगळवारी पहाटे. मेलने कळलं, दोन दिवसांनी. मेलच्या शेवटी लिहिलंय, सरावासाठी नवीन जोडीदार हवा असल्यास फॉर्म भरावा.

९ फेब्रुवारी

अंत्यविधी सत्तावीस तारखेला. तीन आठवडे! माणूस तीन आठवडे कुठे ठेवतात हे विचारायचं नसतं. पॉलीन म्हणाली, "घरी नका जाऊ, कार्ड पाठवा." दुकानात या कार्डांचा वेगळा कप्पा आहे, वाढदिवसांच्या शेजारी. घेतलं. पाठवलं. हे लोक दुःखालासुद्धा तिकीट लावून पाठवतात. आणि मी त्यांच्यातला झालो.

१६ फेब्रुवारी

तोंडी परीक्षा. परीक्षक म्हणाली, शेजाऱ्यांबद्दल बोला. बोललो. हवेबद्दलही बोललो. पास.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

बावीस मिनिटं. शवपेटीपुढे एक पडदा सरकला आणि झालं. बाहेर पुढच्या अंत्यविधीचे लोक थांबले होते, म्हणून बाजूच्या दाराने निघालो. मी पहाटे उठून गहू उकडले होते, साखर अक्रोड घालून—मेलेल्या माणसाच्या नावाने सगळ्यांनी एकेक चमचा खायचे. डबा पिशवीतच राहिला. कुणाला विचारू, खाल का म्हणून? दारात गिलियन हात मिळवत उभी होती. मी नाव सांगितलं. तिने माझा हात जरा जास्तच वेळ धरला. काहीतरी बोलणार होती. मागे रांग होती.

घरी येऊन एकट्यानेच खाल्ले. तीन चमचे, मग जाईनात.

६ मार्च

गिलियनचं छापील आभारपत्र आलं. खाली तिने हाताने लिहिलंय: "त्या मंगळवारी बाबांनी तुम्हाला खिडकीतून फाटकाशी पाहिलं. माझ्याकडून केस विंचरून घेतले, दुसरी खुर्ची वर आणायला लावली. मी दार उघडायला निघाले, तर म्हणाले, 'थांब, त्यांच्याकडे बेल नसते, तो आपणहून येईल.' तुम्ही वळलात तेव्हा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'शिकला गं. माझ्याकडूनच शिकला.'"