चटका न लागणारा हात

४ मार्च
काल होळी. एकवीस मांडे केले, एकही फाटला नाही. धुळ्याची नणंद, अक्का, चुलीजवळ बसून बघत होती. खापरावरचा मांडा मी नुसत्या बोटांनी उचलला तर म्हणाली, "कमल, तुन्हा हात शे का चिमटा?" मी ऐटीत सांगितलं, तीस वर्षं खापरापुढे काढली की चटका लागत नाही. सूनबाईला, स्नेहलला, ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तिची बोटं दर मांड्याला तोंडात.

७ मार्च
पेला हातातून सुटला. परवा पदराची पिन लागेना. सकाळी उजवा हात मुंग्यांनी भरलेला, झटकला की बरं. यांना सांगितलं नाही. सांगितलं की प्रवचन.

११ मार्च
मधल्या बोटावर टपोरा फोड! तव्याला कधी लागलं, पत्ता नाही. स्नेहल म्हणाली, "आई, चटका लागत नाही, की लागलेला कळत नाही?" आगाऊ कुठली.
पण खरंच...

१३ मार्च
शेवटी यांनी नेलंच. नसांचे डॉक्टर. बोटाला टाचणी टोचतो म्हणाले. मी डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला, म्हटलं टोचा की आता. म्हणाले, चार वेळा टोचून झालं.
मग मशीन. हाताला करंट देतात. हे जन्मभर वायरमन, त्या मुलीला विचारतात, "किती व्होल्ट?" निकाल: मनगटातली नस दाबली गेलीय, बोटांचा निरोप वर पोचत नाही. अंगठ्याच्या बुडाचा स्नायूही वाळायला लागलाय. म्हणजे होळीला मिरवलं ते कसब नव्हतंच. आजार होता! इतकी लाज वाटली. डॉक्टरांना बोलले नाही. यांनी सगळं रंगवून सांगितलं.

१४ मार्च
यांनी वायर सोलून मला नस समजावली. "तांबं शाबूत आहे, वरचं वेष्टण गेलंय." अर्धं स्वयंपाकघर वायरच्या तुकड्यांनी भरलं.
अक्काचा फोन. "तुले नजर लागनी. होळीले चुलीजोडे कोन बशेल व्हतं?" म्हटलं, अक्का, तुम्हीच. फोन कट.

२० मार्च
ऑपरेशन लहान आहे म्हणतात. पण स्पर्श किती परत येईल, वाळलेला स्नायू भरेल का, शब्द देत नाहीत. मी म्हटलं, महिन्यावर अक्षय्य तृतीया, आखाजी होऊ दे. लेक येणार, जावई येणार, मांडे कोण करणार? हे म्हणाले, "तोवर बोटं भाजून घेशील." भांडण. जेवले नाहीत. दोन तासांनी चिवडा खाल्ला.
खरी भीती इथेच लिहिते. माझ्याशिवाय मांडे झाले नाहीत तर? आणि झाले तर?

२८ मार्च
ऑप. झालं. आधी हात बधिर करायचं इंजेक्शन. म्हटलं, वाया घालवताय. डॉक्टर हसले. मला नंतर रडू आलं.

आखाजी
टाके निघालेत, पण पीठ उचलायला बंदी. खापरापुढे स्नेहल. पहिले दोन फाटले. मला बरं वाटलं, लिहूनच टाकते. तिसऱ्याला तिने विचारलं, "आई, किती पातळ करायचं? थांबायचं कधी?"
तोंड उघडलं आणि काही सांगताच येईना. तीस वर्षं ते हातांना माहीत, मला कोणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, मी 'बस' म्हणेन तेव्हा थांब. मांडा तिच्या कोपरापर्यंत पसरत गेला. मी 'बस' म्हणणार, तर ती थांबलेली. अख्खा मांडा खापरावर गेला.
मधल्या बोटाला आज काहीतरी जाणवतंय. किंवा मलाच तसं वाटतंय.
लेक रेखा उशिरा आली; टाके निघाले म्हणजे हात बरा, असं धरून थेट पानावर बसली. आमरसात पहिला घास बुडवला आणि डोळे मिटून म्हणाली, "आईच्या हातचा तो आईच्या हातचा." स्नेहलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अजून एक घे.
सांगायला हवं होतं. ती परवा सासरी जाईल. अजून सांगितलेलं नाही.