माहेरी गेलेली

लालबाग,
ता. ३ फेब्रुवारी १९५६

ति. कुशाबादादास, दौलतचा सा. न. वि. वि.

गोळीबार, संचारबंदी सगळं होऊन गिरणी परत चालू झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला मीही गेलो होतो. एक घोषणा दिली आणि खोकत फुटपाथवरच बसलो. दादा, आता गिरणीत मागाच्या साच्यापुढे उभं राहवत नाही. डॉक्टर टी.बी. म्हणतो. खानावळवाल्या मीराबाई 'मोठं दुखणं' म्हणतात आणि माझं ताट वेगळं घासतात. खोलीतली माणसं तर नुसतं 'शिवडी' म्हणतात, तिथल्या इस्पितळावरून.

तिथे खाट मिळतेय. पण बेबीचं लग्न वैशाखात. तिच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या, गणपतरावांच्या कानावर गेलं तर आपल्या बहिणीची सोयरीक मोडेल. तोवर मी कळ काढतो. कोणी विचारलं तर उष्णता झालीय म्हण. वहिनीला नमस्कार. राग धरू नको.

तुझा दौलत

कणकवली,
ता. १२ फेब्रुवारी १९५६

चि. दौलत यास अनेक आशीर्वाद.

उष्णता म्हणे! बाबांच्या खोकल्याला दमा दमा म्हणत राहिलो आणि बाबांना घालवून बसलो, विसरलास? मेल्या, कळ काढायला ती काय दाढदुखी आहे? माझी झोप उडाली. शेवटी गणपतरावांच्या ओटीवर जाऊन सरळ सांगितलं की भावाला क्षय झालाय, सोयरीक ठेवा नाहीतर मोडा.

ते कितीतरी वेळ सुपारीच कातरत राहिले. त्यांची थोरली सून जाईबाई माहेरी गेलीय, हे सगळ्या गावाला ठाऊक. मग हळूच म्हणाले की ती माहेरी नाही, शिवडीला आहे. तिथे ठेवून आल्यावर परत कोणी फिरकलं नाही, नवराही नाही. बोभाटा होईल म्हणून पत्रसुद्धा टाकलं नाही. सोयरीक कायम आहे, फक्त तू गेलास की तिची खबर काढ म्हणाले, आणि म्हातारा रडला रे.

आता मुकाट्यानं खाट घे. बेबी रोज देवापुढे दिवा लावते. जिवाला जप, आणखी काही मागत नाही.

कुशाबा

शिवडी,
ता. ४ मार्च १९५६

ति. दादास सा. न. वि. वि.

खाट मिळाली. रोज सुई टोचतात, गोळ्या देतात. दमलोय रे दादा, नुसतं पडून राहायचं तरी दमतो. माझी माया तुमच्यावर आहेच, तुमची कमी करू नका.

बायकांच्या वॉर्डात आम्हाला सोडत नाहीत. नर्सबाईंबरोबर जाईबाईंना निरोप धाडला, की मी तुमच्या दिराच्या होणाऱ्या बायकोचा भाऊ, घरी काही कळवायचं आहे का. त्यांना आता उठून बसवत नाही. उत्तर आलं ते गणपतरावांना तूच सांग, मला लिहितानासुद्धा जड जातंय. त्या म्हणाल्या, मामंजींना सांगा, काळजी करू नका, मी माहेरी सुखात आहे.

दौलत