शिवणाच्या खोलीतली गादी

अहो,

मी ग्राहकाकडे पडदे लावायला गेलेय. आपलं टॅक्स रिटर्न भरणारे साहेब पाच वाजता शिवणाची खोली मोजायला येतील. ती खोली फक्त धंद्यासाठी वापरली, तरच तिचं भाडं खर्चात धरता येतं म्हणे. मी फोनवर छातीठोकपणे सांगून बसलेय की तिथे मशीन आणि कापडाशिवाय काही नाही.

तेव्हा कटिंगच्या टेबलाखालची तुमची गादी, उशी आणि रहस्यकथांची ती चळत आधी उचला. घोरण्याचा खर्च कुठल्या रकान्यात दाखवू मी?

माझ्या कापडाच्या कात्रीने पुठ्ठा कापलात, म्हणून रागाच्या भरात म्हटलं, "तिकडेच झोपा." तीन आठवडे मुक्काम ठोका असं नव्हतं म्हटलं. कात्रीला गुपचूप धार लावून आणलीत, ते कळलं. धार बरी आहे.

गादी कुठे ठेवू, असं विचारायला फोन करू नका. पलंगावरची तुमची बाजू रिकामीच आहे.

हे निव्वळ टॅक्सपुरतं आहे, उगाच हुरळून जाऊ नका. फक्त साहेब म्हणाले, हा नियम वर्षभर पाळावा लागतो.