काळी तीनच्या मागे

फणसवाडी,
९ डिसेंबर २०१२

प्रिय चंदू,

अनेक नमस्कार. इकडे सर्व कुशल, एक मी सोडून. आणि मी का नाही, ते कळायला तुला पत्र शेवटपर्यंत वाचावं लागेल. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच हसतोस आणि माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोचत नाही.

कालिंदी बरी आहे. तू पाठवलेले सोडे, ती वाळवलेली कोळंबी, तिने कांद्यावर परतले. संस्कृतच्या मास्तरच्या घरातून असला वास येतो म्हणून शेजारच्या कमलाबाई दोनदा डोकावून गेल्या; दुसऱ्यांदा वाटी घेऊन.

तुझा मेसेज मिळाला. दोन गोष्टी विचारल्यास. येत्या रविवारी ठाकूरद्वारच्या हॉलमध्ये आमची मृणालिनी तुझ्या त्या कॉम्प्युटरमधल्या पियानोवर वाजवणार, तर मी येणार का? आणि त्यातल्या काळी तीन या पट्टीच्या मागे आमच्या घरातला एक आवाज शिरलाय, तो जगाला विकायच्या आधी पुसून टाकू का? पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात अडकलंय. थोडा धीर धर.

आधी मूळ पियानोबद्दल. गिरणी संपाच्या वर्षी आपला ऑर्केस्ट्रा बसला. लालबागच्या मंडळांकडे टाळ्यांखेरीज द्यायला काही उरलं नव्हतं, आणि तू बोटीवरच्या बँडमध्ये नोकरी धरलीस. जाताना हा इलेक्ट्रिक पियानो हातगाडीवर घालून आमच्याकडे आणलास, कारण माझगावला तुझी आई त्याच्यावर बोंबील वाळत घालू का म्हणून विचारत होती. "ठेव तुझ्याकडे, तुझाच समज," म्हणालास. तुळसामावशींनी बोंबील घातले असते तर बरं झालं असतं, असं अलीकडे वाटतं.

तू जगभर वाजवत हिंडलास आणि मी त्या एकाच पेटीशी संसार केला. तिची प्रत्येक पट्टी वेगळ्या स्वभावाची. हलकं दाबलं की सूर पाण्यात सोडलेल्या घंटेसारखा येतो, जोर केला की आतली पोलादी काडी गुरगुरते, आणि पट्टी बोटाला उलटून उत्तर देते. मधली काळी तीन तर फार मानी. तिला डाव्या कडेला, जरा लाडीगोडी लावून दाबावं लागतं; मधोमध दाबलं की आधी 'टक्' म्हणते, मग गाते. हे मला कळायला किती वर्षं गेली ते सांगत नाही, तू हसशील.

मग तू परतलास. मायक्रोफोन, वायरी आणि लॅपटॉप घेऊन आमच्या बाहेरच्या खोलीत ठाण मांडलंस. एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात दाबायची आणि सूर पार विझेपर्यंत रेकॉर्ड करायचा, म्हणजे पुढे कॉम्प्युटरला जोडलेल्या कुठल्याही कीबोर्डवर हाच पियानो वाजेल. पंखा बंद, कुकर बंद, कालिंदीला बांगड्या काढायला लावल्यास, आणि मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलंस, एखाद्या बोलक्या पोपटाला झाकून ठेवतात तसं. बाहेर तू आणि माझी मुलगी मान हलवून एकमेकांना खुणा करत होता. मला दाराच्या फटीतून दिसत होतं.

आमच्या व्याकरणात दोन पाहुणे असतात. आदेश शत्रूसारखा येतो, आधीच्या वर्णाला उठवून त्याच्या जागी बसतो. आगम मित्रासारखा येतो, शेजारी सरकून जागा मागतो. तुझं हे यंत्र कोणत्या जातीचं, ते मी तेव्हाच ओळखलं होतं. खरं सांगायचं तर यंत्राबद्दल बोलत नाहीये मी.

ती आता रोज संध्याकाळी तुझ्याकडे माझगावला असते. घरी आली की जेवताना काका असं म्हणाले, काका तसं म्हणाले. चांगलंच म्हणत असशील. मग कीबोर्ड मांडीवर घेते, हेडफोन लावते आणि वाजवते. चंदू, हे तू कधी बाहेरून ऐकलं आहेस का? नुसत्या प्लास्टिकच्या पट्ट्या, ठक ठक ठक. ती डोलते, डोळे मिटते, कुठल्याशा जागेवर हसते. मी समोर पेपर धरून बसतो. माझ्याच घरात मैफल चाललेली असते आणि मला तबकातल्या सुपाऱ्या कातरल्यासारखा आवाज तेवढा मिळतो. मोठा पियानो तिच्या पाठीमागे, कालिंदीने शिवलेला गलेफ पांघरून. तो आणि मी, दोघेही.

मंगळवारी शाळेला सुट्टी होती. मृणालिनी ऑफिसात, कालिंदी बाजारात. तुझा मेसेज आलेलाच होता. मी तो हेडफोन लावला.

दोष काढायच्या तयारीनेच बसलो होतो, आणि मिळालाही. बोटाखाली प्लास्टिक, कानात पोलाद. बोटं म्हणत होती हा तो नव्हे, कान म्हणत होते गप्प बस, तोच आहे. ती घंटा, ती गुरगुर, सगळं तू उचललंयस मेल्या. काळी तीन मी सवयीने डाव्या कडेने दाबली. प्लास्टिकला त्याचं काय. ती 'टक्' म्हणाली. तुझं मधोमध दाबणं आता त्यात कायमचं बसलंय. मला फार बरं वाटलं. मग अगदी हलकेच दाबली आणि सूर विझेपर्यंत धरून ठेवली. सूर गेला, आणि लांबून, भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "अंहं."

पुन्हा दाबली. "अंहं." जोरात दाबली तर नाही. फक्त हलकेच.

मृणालिनी घरी आली तेव्हाही हेडफोन कानावरच होता.

"बाबा, उलटा लावलाय तुम्ही."

"हा कोण बोलतो यात?"

"तुम्ही. काका काळी तीन चुकीची दाबत होते ना, तेव्हा. स्वयंपाकघरातून."

"मी असा बोलतो?"

"एवढंच बोलता."

ती पर्स खुंटीला अडकवायला वळली आणि पाठमोरीच म्हणाली, की काका ते पुसत होते, तिनेच राहू द्या म्हटलं. ते नसलं तर घरी वाजवल्यासारखं वाटत नाही.

"मग घरात हेडफोन का लावतेस?"

"यातले बाबा एकदाच म्हणतात."

मी त्यावर काही म्हणालो नाही. तुला माहीत आहे काय म्हणायला तोंड उघडलं होतं ते.

तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पुसू नकोस. बाकीच्या सगळ्या पट्ट्या तुझ्या, संध्याकाळही तुझी. त्या एका पट्टीत मला सुराच्या शेजारी बसू दे. मी कुणाला उठवत नाहीये. तुझा हेवा संपला असं लिहिलं तर तू हे पत्र माझं नाही म्हणशील. उलट आता एक माणूस वाढलाय: त्या पट्टीमागचा. तो तिला रोज भेटतो, आणि एकदा बोलून गप्प बसणं त्याला जमतं.

पहिल्याचंही उत्तर घे. रविवारी येतो. मागच्या रांगेत, कडेची खुर्ची. तिने काळी तीन हलकेच दाबली तर तुझ्या त्या स्पीकरमधून जे काय ऐकू येईल, तेवढंच माझं बोलणं समज.

तुझा,
तोंड मिटून बसणारा,
रघुवीर