स्टॉयरक्लास पाच

३० जानेवारी, गुरुवार

पगार ५१२ युरोंनी कमी जमा झाला. सुट्टी घेतलेली नाही, तास तेवढेच. पगारपत्रक उघडलं. ढोबळ पगार तोच, कापलेला कर भलताच! वर कोपऱ्यात स्टॉयरक्लासची, म्हणजे करवर्गाची, चौकट असते. डिसेंबरपर्यंत तिथे ४ होता. आता ५ आहे.

मी काहीही बदललेलं नाही.

३१ जानेवारी

एचआरमधल्या फ्राऊ केलरला विचारलं. "आम्ही नाही हो ठरवत. टॅक्स ऑफिस, फिनान्झआम्ट, कळवतं तेच आम्हाला दिसतं." मग हसत – "नवऱ्याला विचारून बघा की!"

यात हसण्यासारखं काय?

अनिमेषला विचारलं नाही. आधी स्वतः समजून घेते.

२ फेब्रुवारी, रविवार

अनिमेष पोहायला गेला होता. दोन तास बसून वाचलं. मला कळलं ते असं – लग्न झालेल्यांना दोन पर्याय. दोघांना चार-चार, किंवा एकाला तीन, दुसऱ्याला पाच. तीनवाल्याचा कर दरमहा कमी कापतात, पाचवाल्याचा जास्त. पण हे फक्त दरमहा कापण्यापुरतं. खरा कर दोघांच्या मिळून उत्पन्नावर, वर्ष संपल्यावर ठरतो. तो चार-चार असो नाहीतर तीन-पाच, तेवढाच.

तीन-पाच कोणी घ्यावा? एकाचा पगार दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असेल त्यांनी. आमचं काय? त्याला ५२००, मला ४९५०.

गणित करून पाहिलं. मला ५१२ कमी, त्याला साधारण ४३० जास्त. म्हणजे घरात दरमहा ऐंशी कमीच येतात! ते परत मिळतील, पण पुढच्या वर्षी.

फायदा नसलेला बदल कोण कशाला करेल? एकत्र खात्यात त्याने नेहमीइतकेच टाकलेत. वरचे ४३० कुठे आहेत?

४ फेब्रुवारी

दुपारी फिनान्झआम्टला फोन. अर्ज नोव्हेंबरचा. "दोघांच्या सह्या आहेत." मी म्हटलं, माझी सही नाही. बाई थंडपणे – "दोख, आहे की. इथे दिसते आहे मला."

संध्याकाळी आठवलं. नोव्हेंबरमध्ये मावसबहिणीच्या लग्नाला पुण्याला निघाले होते. सुटकेसवर गुडघा ठेवून चेन लावत होते. अनिमेषने कागद त्याच सुटकेसवर ठेवला. "टॅक्सचं आहे गं, सही कर इथे." केली!

सेन्सरची तीस पानांची डेटाशीट मी तळटीपांसकट वाचते. घरातले जर्मन कागद मात्र ब्राउनश्वाइगला शिकत होतो तेव्हापासून त्याच्याकडे, कारण त्याचं जर्मन बरं. वाचून सही करायची असते हे मला कोणी शिकवायला हवं का?

५ फेब्रुवारी

"तुझा पगार झाला?"
"झाला की. का गं?"
"सहज."

मान वर केली नाही. कांदा चिरत राहिला.

८ फेब्रुवारी, शनिवार

अनिमेषबरोबर मयुरेशदादांकडे, बॉबलिंगेनला. दर फेब्रुवारीत इथली निम्मी मराठी मंडळी फायली घेऊन त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसतात. टॅक्सचे फॉर्म ते फुकट भरून देतात. पैशांचं नाव काढायचं नाही, घरचं काहीतरी न्यायचं. मी नारळाच्या वड्या नेल्या.

"दादा, ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे."
"मैत्रिणीचं नाव तनया का?" सगळे हसले.
वसुधावहिनी आतून – "अहो, तिला आधी खाऊ तर द्या!"
"पगार जवळजवळ सारखे असताना नवऱ्याने तीन का घ्यावा?"
"बायको वाचत नाही म्हणून!"

पुन्हा हशा. मग दादांची नजर अनिमेषकडे गेली. अनिमेष वडीचे तुकडे करत होता. खात नव्हता, नुसते तुकडे.

"आल्झो, म्हणजे काय, वर्षाअखेर सगळं सारखंच होतं गं," दादा म्हणाले. पुढची फाईल ओढली.

दादांना माहीत आहे. मला सोडून सगळ्यांना माहीत आहे!

९ फेब्रुवारी

सासूबाईंना फोन केला. कोथरूडच्या फ्लॅटचं काम काढलंय, पैसे तिकडे जात असतील तर एकदाचं कळेल.

"आई, अनिमेषने काही पाठवलं का?"
"काय गं, पार्सल का? कधी येणार?"

तिकडे नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दाताच्या डॉक्टरकडून परत येताना बेकरीच्या काचेतून अनिमेष दिसला. पावणेबारा वाजले होते. एकटा, समोर लॅपटॉप, कॉफी. कोणाची तरी वाट बघत असेल. मी रस्त्यापलीकडे पंधरा मिनिटं उभी राहिले. कोणी आलं नाही.

रात्री जेवताना – "आज मीटिंगांनी जीव घेतला."
"ऑफिसातच होतास?"
"मग काय!"

१३ फेब्रुवारी

नियम पुन्हा वाचला. चार-चारमधून तीन-पाच करायला दोघांच्या सह्या लागतात. तीन-पाचमधून चार-चार करायला एकाची पुरते. कारण द्यावं लागत नाही.

चार-चारचा अर्ज ऑनलाइन भरायला नऊ मिनिटं लागली. एक मार्चपासून लागू.

पहिल्यांदा बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी चहा पुढे ठेवून तो बसला. स्वतःचा चहा केलाच नव्हता.

"तनया, माझी नोकरी एकतीस मार्चला संपतेय."

ऑक्टोबरमध्येच कळलं होतं. झिंडेलफिंगेनचा प्रोजेक्ट गेला, त्याची कंपनी अख्खी टीम कमी करतेय. जानेवारीपासून कामावर यायचंही नाही असं सांगितलंय. रोज डबा घेऊन निघतो आणि बेकरीत, लायब्ररीत बसून अर्ज करतो. बेचाळीस केले. दोन मुलाखती.

"तुला लग्नाला हसत जाऊ द्यायचं होतं. मग रोज वाटायचं, एखादी ऑफर आली की सांगू."

तीन-पाचही त्यानेच सांगितलं. बेकार झाल्यावर मिळणारा भत्ता हातात येणाऱ्या पगारावर ठरतो. एक जानेवारीला क्लास तीन असेल तर दरमहा अडीचशेच्या वर जास्त, पूर्ण वर्षभर. मयुरेशदादांनी सुचवलं होतं. वरचे ४३० त्याने वेगळे ठेवलेत. मोबाइल पुढे करून खातं दाखवलं. मी मागितलं नव्हतं. तरी आकडा तपासला. बरोबर होता.

"तुला पगारावरून काही कळलं नाही? तुला?"
"नाही," मी म्हणाले.

"बरं झालं," म्हणाला आणि रडला. सात वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

१६ फेब्रुवारी

भत्त्याचे नियम वाचले. जानेवारीनंतर क्लास बदलला आणि त्याने भत्ता कमी होत असेल, तर नवा क्लासच धरतात.

दोनदा वाचलं. अर्थ तोच.

१७ फेब्रुवारी

फिनान्झआम्टला पुन्हा फोन. तीच बाई. अर्ज मागे घेता येईल का?
"झालाय तो, नोंदसुद्धा झाली. परत तीन-पाच हवा असेल तर नवा अर्ज करा. दोघांच्या सह्यांनी. आणि हो, तुमच्या नवऱ्यांना आम्ही लेखी कळवतो. पत्र शुक्रवारीच निघालंय."

तो आतल्या खोलीत मुलाखतीची तयारी करत होता. मोठ्याने, जर्मनमध्ये, एकच वाक्य तीन वेळा. मी दाराशी गेले. त्याने हात हलवला. मी परत आले.

१८ फेब्रुवारी

टपाल अकराला येतं. ऑफिसला कळवलं, आज घरून काम करते.